जादा वीस अंश: रायझन ७ १७००एक्सच्या तापमानाचा खरा आकडा कसा काढायचा

२ मार्च २०१७ रोजी एएमडीचे रायझन ७ मालिकेतले तीन प्रोसेसर बाजारात आले: १८००एक्स, १७००एक्स आणि १७००. तिघांच्या पोटातली सिलिकॉन चिप एकाच रचनेची, आठ कोअर, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे), सॉकेट एएम४ (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा). फरक घड्याळगतीचा आणि वॉटचा. तरीही एक्सवाली चिप निवांत असतानाही पंचावन्न-साठ अंश दाखवायची आणि साधी १७०० चाळिशीच्या आत राहायची. गंमत अशी की १७०० सोबत कंपनीचा कूलर मिळायचा. एक्सवाल्यांसोबत तो नव्हता, म्हणून त्यांच्यावर लोक बहुधा मोठा, महागडा कूलर बसवायचे. म्हणजे कूलर मोठा असूनही आकडा जास्त. अशा वेळी पहिला संशय चिप आणि कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक पेस्टवर जातो, दुसरा कूलरच्या बसवणीवर. आकड्यावर सहसा कोणाचा जात नाही.

त्याच महिन्यात एएमडीने खुलासा केला. प्रोसेसर बाहेर जे तापमान कळवतो त्याचे नाव टीसीटीएल, म्हणजे ‘नियंत्रणाचे तापमान’. ते चिपच्या प्रत्यक्ष तापमानावरूनच काढलेले असते, पण काही मॉडेलांत त्यात ठरावीक भर घातलेली असते. १७००एक्स आणि १८००एक्समध्ये ही भर २० अंशांची, १७०० मध्ये शून्य. एएमडीचे उदाहरण असे होते: चिप ३८ अंशांवर असेल तर एक्स मॉडेल ५८ कळवणार आणि १७०० मात्र ३८. कारणही दिले होते: एएम४ वरच्या सगळ्या मॉडेलांची कमाल टीसीटीएल एकच राहावी, म्हणजे मदरबोर्ड बनवणाऱ्यांना पंख्याचे एकच धोरण सगळ्यांना लावता येईल. थोडक्यात, हा आकडा मुळात पंख्यासाठी होता, माणसाच्या वाचनासाठी नव्हता.

‘वीस वजा करा’ एवढ्यावर विषय संपला असता. पण समोरच्या यंत्रावर ते वीस कोणी आधीच वजा केले आहेत का, हे त्या खुलाशातून कळत नाही. एप्रिल २०१७ मध्ये रायझन मास्टर या एएमडीच्याच सॉफ्टवेअरची आवृत्ती १.०.१ आली आणि ती वीस वजा करून दाखवू लागली. इतर सॉफ्टवेअर आपापल्या वेगाने सुधारली. काही बोर्डांचे बायोस (यंत्र सुरू होताना बोर्डावरूनच चालणारे सॉफ्टवेअर) टीसीटीएल जसाच्या तसा दाखवत राहिले, काही वजा करून दाखवू लागले. शिवाय ज्याच्या आकड्यात वीसची भर आहे त्याच्या कूलरची बसवणही खराब असू शकते. दोन्ही दुखणी एकाच यंत्रात सुखाने नांदतात. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो: या यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यात खरी उष्णता किती आणि कागदी भर किती?

यंत्र आणि तक्रार

नमुन्याचे यंत्र असे धरू: १७००एक्स, मध्यम किमतीचा बी३५० बोर्ड, चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर, त्यावर १२० मिमीचा एक पंखा. हे जुन्या बाजारात आजही सहज मिळणारे रूप आहे. बायोसमध्ये ६२ अंश. विंडोजमध्ये निवांत असताना एक सॉफ्टवेअर ६० म्हणते, दुसरे ४०, तिसऱ्यात ‘सीपीयू’ नावाच्या ओळीत ३६. पूर्ण लोडवर पहिल्या सॉफ्टवेअरचा आकडा ८२ वर जातो. पंखा कायम घोंघावतो. पेस्ट बदलून झाली, आकडा दोन अंशांनी हलला. (पुढचे सगळे आकडे हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून घेतलेले नमुना आकडे आहेत, आपल्या यंत्रावर ते वेगळे येतील, रीत तीच राहील.)

आधी आकडा कुठून येतो ते ओळखणे

एकाच पडद्यावर दिसणारी ‘तापमाने’ एकाच जागची नसतात. पहिला स्रोत चिपच्या आतला, म्हणजे टीसीटीएल आणि त्यातून भर वजा केलेले टीडाय. एचडब्ल्यूइन्फो या संवेदकांचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही नावे वेगवेगळ्या ओळींत दिसतात, त्यामुळे गोंधळ कमी. दुसरा स्रोत बोर्डावरच्या सुपर आय-ओ चिपचा, म्हणजे पंखे आणि बोर्डावरचे संवेदक सांभाळणाऱ्या चिपचा. तिला जोडलेला एखादा थर्मिस्टर (तापमानाचा छोटा संवेदक) सॉकेटच्या आसपास असतो आणि त्याच्या ओळीलाही बऱ्याचदा ‘सीपीयू’ असेच नाव असते. त्याच चिपच्या न जोडलेल्या पिना १२७ किंवा उणे पन्नास-साठ असे न हलणारे आकडे दाखवतात. ते पाहून घाबरू नये, दुर्लक्ष करावे. तिसरा स्रोत एसीपीआयचा थर्मल झोन, म्हणजे बायोसने विंडोजला कळवलेला आकडा. डेस्कटॉपवर तो अनेकदा निव्वळ शोभेचा असतो: लोड द्या, काढा, आकडा २७.८ वर ढिम्म.

लेबलवर विश्वास ठेवण्यापेक्षा आकड्याची चाल पाहा. नोंदीचा अंतराल एक सेकंद ठेवा आणि सगळ्या थ्रेडवर एकदम लोड सोडा. चिपच्या आतला आकडा पहिल्या एक-दोन सेकंदांतच आठ-दहा अंशांनी उसळतो. सॉकेटजवळचा थर्मिस्टर मात्र रेंगाळत, अर्ध्या-एक मिनिटात वर सरकतो, कारण त्याला उष्णता सॉकेटमधून आणि बोर्डाच्या तांब्यातून पोहोचते. नमुन्याच्या यंत्रात ६० आणि ४० च्या ओळी एकाच क्षणी, एकाच उंचीने उसळतात आणि त्यांच्यातले अंतर कायम २० राहते. म्हणजे त्या दोन्ही एकाच संवेदकाच्या. ३६ ची ओळ रेंगाळते, ती सॉकेटची. प्रोसेसर गरम आहे की नाही, या वादात तिची साक्ष घेऊ नये.

आता ६० आणि ४० यांतले खरे कोणते? एएमडीच्या खुलाशावरून ४०. पण ते तपासता येते, आणि तपासावे. उत्साही लोकांसाठीच्या काही बोर्डांच्या बायोसमध्ये ‘सेन्स एमआय स्क्यू’ नावाचा एक पर्याय असे. तो कळवला जाणारा आकडाच वर-खाली सरकवतो. आधीच्या मालकाने तो छेडला असेल तर वीस वजा करूनही हिशोब चुकणार. पर्याय दिसला तर बंद करा आणि मगच पुढे जा.

थंड सुरुवात: झटपट पण अर्धवट चाचणी

यंत्र रात्रभर बंद ठेवा. भिंतीवरचा स्विचही बंद. सकाळी कूलरच्या पंख्यापाशी हवेचे तापमान मोजा, यंत्र सुरू करून थेट बायोसमध्ये जा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातला आकडा टिपा. हीटसिंकचे सगळे धातू अजून खोलीइतकेच थंड असतात. त्यामुळे हवेच्या वर जे दिसते ते चिप आणि कूलरच्या बुडामधल्या उताराचे. कूलर बसवताना काही गोंधळ झाला नसेल तर हे अंतर पाच ते बारा अंशांच्या घरात यावे. खोली ३० आणि पहिलाच आकडा ५७ असेल तर त्या सत्तावीस अंशांत वीस कागदी असण्याची शक्यता दाट.

पण शक्यताच. बायोसमध्ये प्रोसेसर विंडोजसारखा गाढ झोपत नाही, तिथे तो बऱ्यापैकी वीज खातो. बसवण फारच वाईट असेल तर अर्ध्या मिनिटात वीस अंश खरेही चढू शकतात. बायोसमधला आकडा विंडोजपेक्षा जास्त दिसतो यात काही बिघाड नाही, हेही इथेच सांगून टाकू. त्यावरून घाबरून कूलर काढणारे पुष्कळ.

या चाचणीचा खरा उपयोग उलट दिशेने होतो. हवेवर चालणारा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. एखादे सॉफ्टवेअर ३० अंशांच्या खोलीत २२ दाखवत असेल तर तिथे वीस दोनदा वजा झाले आहेत: एकदा बायोस किंवा ड्रायव्हरने, दुसऱ्यांदा सॉफ्टवेअरने.

वॉट आणि अंश: मुख्य चाचणी

कागदी भर आणि खराब कूलिंग यांत एक मूलभूत फरक आहे. भर वॉट बघत नाही. चिप १० वॉट खावो की १००, वीस ते वीसच. खराब बसवणीमुळे वाढणारे तापमान मात्र वॉटच्या प्रमाणात वाढते. स्थिर अवस्थेत चिपचे तापमान म्हणजे कूलरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान, अधिक वॉट गुणिले उष्णतेचा अडथळा. अडथळ्याचे एकक अंश प्रति वॉट. वेगवेगळ्या वॉटवर तीन नोंदी घेऊन आलेखावर रेषा काढली की तिचा चढ म्हणजे कूलिंगचा अडथळा. ती रेषा मागे वाढवून शून्य वॉटवर नेली की जिथे पोहोचते, तो आकडा हवेच्या तापमानाशी जुळायला हवा. जितका जास्त येईल तितकी भर.

नोंदी घेण्याची तयारी नीट करायला हवी, नाहीतर रेषा सरळ येतच नाही.

पंखा स्थिर करा, सोपे म्हणजे पूर्ण वेगावर. पंखा तापमानानुसार बदलत राहिला तर अडथळाही बदलतो. बायोसमध्ये कोअर परफॉर्मन्स बूस्ट बंद करा, म्हणजे १७००एक्स ३.४ गिगाहर्ट्झच्या पलीकडे उड्या मारणार नाही. कॅबिनेटची बाजूची झाकणी उघडा, कारण झाकण बंद असताना आतली हवाही वॉटबरोबर तापते आणि तिचा चढ कूलरच्या माथी बसतो. हवेचे तापमान खोलीच्या भिंतीवर मोजू नका, पंख्याच्या तोंडापाशी मोजा; मल्टिमीटरसोबत मिळणारा के-प्रकारचा तापमान-प्रोब पुरेसा आहे. छताचा पंखा आणि एसी ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत चाचणी संपेपर्यंत राहू द्या.

लोडसाठी प्राइम९५ सारखे एकसुरी काम घ्या. थ्रेडची संख्या बदलून तीन पायऱ्या करा, उदाहरणार्थ दोन, सहा, सोळा. प्रत्येक पायरीवर दहा ते पंधरा मिनिटे थांबा. सातशे-आठशे ग्रॅमचा टॉवर कूलर स्थिरावायला तेवढा वेळ घेतो. शेवटच्या दोन मिनिटांची सरासरी टिपा, क्षणिक कमाल आकडा नको. निवांत अवस्था पायरी म्हणून वापरू नका, कारण तेव्हा वॉट आणि अंश दोन्ही सारखे नाचतात, आणि नोंद घेणारे सॉफ्टवेअरच कोअर जागे करत राहते.

नमुन्याच्या यंत्रावर हवा ३० अंश, आणि न वजा केलेल्या ओळीत: ३० वॉटला ६०.५, ६० वॉटला ७१, ९० वॉटला ८१.५. दर ३० वॉटमागे १०.५ अंश, म्हणजे चढ ०.३५ अंश प्रति वॉट. साध्या टॉवर कूलरला शोभेल असाच. रेषा मागे नेली की शून्य वॉटवर ५० येतात. हवा ३०. उरले वीस, आणि ते कूलरचे नाहीत.

शेजारी दुसरे यंत्र ठेवा: प्रोसेसर भर नसलेला १७००, पण कूलर वाकडा बसलेला. हवा तीच ३०. त्याच्या नोंदी: ३० वॉटला ५१, ६० वॉटला ७२, ९० वॉटला ९३. चढ ०.७, शून्य वॉटवर बरोबर ३०. आता ६० वॉटची नोंद दोन्हीकडे पाहा: ७१ आणि ७२. या एका आकड्यावरून ही दोन यंत्रे वेगळी सांगता येणार नाहीत, आणि ‘माझे तापमान ७१ आहे, ठीक आहे का?’ या प्रश्नाला उत्तर का नसते तेही इथे दिसते. पहिल्याला कूलरला हातही लावायची गरज नाही. दुसऱ्याला आजच कूलर उतरवायला हवा.

वॉटचा आकडा तरी खरा कशावरून, ही शंका रास्त आहे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे पॅकेज वॉट प्रोसेसर स्वतः कळवतो, आणि त्यासाठी तो बोर्डाच्या व्होल्टेज नियंत्रकाकडून येणाऱ्या माहितीचा आधार घेतो. काही बोर्ड ती माहिती कमी करून सांगतात. २०२० मध्ये एचडब्ल्यूइन्फोने ही तफावत दाखवणारी वेगळी ओळच सुरू केली. पण आपल्या कामाला हे फारसे बाधत नाही. वॉट सगळीकडे एकाच प्रमाणात कमी सांगितले जात असतील, समजा दहा टक्के, तर रेषेचा चढ चुकेल पण शून्य वॉटवरचा आकडा हलणार नाही. ठरावीक वॉट मोजायचे राहत असतील, उदाहरणार्थ कोअरचे वॉट घेतले आणि मेमरी-नियंत्रकाकडचे दहा सुटले, तर मात्र तो आकडा दहा गुणिले ०.३५, म्हणजे साडेतीन अंशांनी सरकेल. म्हणून ‘पॅकेज’ असे लिहिलेली ओळच घ्या. एकंदरीत ही रीत वीस आणि शून्य यांतला फरक खणखणीत सांगते, दोन-तीन अंशांच्या बारकाव्यावर मात्र तिने बोलू नये. चिपमधल्या संवेदकाची स्वतःची चूकही काही अंशांची असू शकते.

पडताळणी हवीच असेल तर भिंतीच्या सॉकेटवर लावायचा वॉटमीटर घ्या. पायऱ्यांमधल्या भिंतीवरच्या फरकाला ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणा (पॉवर सप्लायची गळती), बोर्डावरच्या व्होल्टेज नियंत्रकातली थोडी घट धरा, आणि सॉफ्टवेअरच्या फरकाशी ताडून पाहा. ग्राफिक्स कार्ड मध्येच जागे होत नाही ना, तेवढे पाहा.

लोड काढल्यावरचे पहिले दोन सेकंद

चढ जास्त आला तर दोष नेमका कुठे? चिप ते कूलरच्या बुडापर्यंतचा अडथळा वेगळा, कूलरच्या पात्यांपासून (पंख्याच्या नव्हे, धातूच्या पातळ पत्र्यांपासून) हवेपर्यंतचा वेगळा. त्यांना सुटे करायला एक सुंदर युक्ती आहे. ९० वॉटवर सगळे स्थिरावू द्या आणि लोड एकदम ३० वॉटवर आणा. चिपला वस्तुमान जवळजवळ नाही, ती लगेच कूलरच्या बुडाकडे घसरते. कूलरचा मोठा गोळा मात्र सावकाश, मिनिटांच्या हिशोबाने निवतो. म्हणून पहिल्या एक-दोन सेकंदांतली घसरण (हिला ‘पहिली उडी’ म्हणू) भागिले ६० वॉट, हा पेस्ट आणि बसवणीचा अडथळा. नंतरची संथ घसरण भागिले ६० वॉट, हा पात्यांचा आणि पंख्याचा.

नमुन्याच्या यंत्रात ८१.५ वरून आकडा पटकन ७२.५ पर्यंत येतो, नऊ अंश: ०.१५ अंश प्रति वॉट. मग दहा-बारा मिनिटांत हळूहळू ६०.५, बारा अंश: ०.२०. दोन्ही ठीक. शेजारच्या वाकड्या बसवणीत पहिली उडी तीस अंशांची: ०.५०. तिथे पात्यांचा भाग तोच ०.२० आहे, त्यामुळे पंखा बदलून किंवा महाग पंखा लावून काहीही साधणार नाही. उलट धूळ भरलेल्या कूलरमध्ये पहिली उडी नऊचीच राहते आणि संथ भाग फुगतो. तिथे पेस्ट बदलणे वाया. पेस्ट बदलून आकडा जेमतेम दोन अंश हलला, ही तक्रार सुरुवातीला होती. पहिली उडी आधी पाहिली असती तर पेस्टची ट्यूब उघडायचीच नव्हती.

भर वीसची असो की शून्याची, या चाचणीवर तिचा काहीच परिणाम होत नाही, कारण आपण फरक मोजतो. म्हणून घाई असेल तर एवढी एकच चाचणी करावी.

बाहेरून खात्री

कूलरचे बूड हाताने चाचपता येते, पण बोट हे मापक नव्हे. पन्नासच्या पुढे सगळेच ‘खूप गरम’. प्रोबचे टोक बुडाच्या तांब्याच्या कडेला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवा. ९० वॉटवर चिप खरोखर ६१.५ असेल तर, बसवणीतले साधारण चौदा अंश वजा जाता, बूड अठ्ठेचाळीसच्या आसपास यावे. चिप ८१.५ असती तर तेच बूड अडुसष्टजवळ असते. इतका मोठा फरक स्वस्त प्रोबही चुकवत नाही.

इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर चकाकत्या धातूवर ती थेट रोखू नका. घासलेले अॅल्युमिनियम आणि तांबे स्वतःची उष्णता-किरणे फार कमी टाकतात, समोरच्या वस्तूंचीच परत फेकतात. बंदूक मग खोलीच्या जवळचा आकडा दाखवते आणि ‘कूलर थंड, चिप गरम, म्हणजे पेस्ट खराब’ असा उलटा निष्कर्ष निघतो. काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर रोखा.

वजा करून सुटका होत नाही

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘खरे तापमान ६२ आहे, मर्यादा ९५, म्हणजे तेहतीस अंश हातात.’ नाहीत. कमाल टीसीटीएल सगळ्या मॉडेलांची सारखी, ९५. एक्स मॉडेलात त्यातले वीस आधीच खर्च झालेले, म्हणजे चिप खरोखर ७५ वर गेली की मर्यादा आली. सिलिकॉन किती गरम आहे हे पाहायचे असेल तर टीडाय. मर्यादेपासून किती दूर आहोत हे पाहायचे असेल तर टीसीटीएल, काहीही वजा न करता. ८१.५ हा आकडा तापमान म्हणून खोटा, पण ‘अजून साडेतेरा अंश शिल्लक’ ही त्याची बातमी खरी.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हे तेरा अंश लागतात. वरची सगळी गणिते ३० अंशांच्या हवेवर आहेत. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ४२ अंश धरा. ७५ मधून ४२ गेले, उरले ३३, भागिले ०.३५, म्हणजे ९४ वॉट. झाकण बंद असताना आतली हवा आणखी सहा अंश तापली तर उरतात २७, म्हणजे ७७ वॉट. पूर्ण लोडचे ९० वॉट त्यात बसत नाहीत, प्रोसेसर गती कमी करणार आणि ते त्याने करायलाच हवे. तोच कूलर, तीच पेस्ट, २२ अंशांच्या एसी खोलीत दीडशे वॉट पेलण्याइतकी जागा दाखवतो. परदेशातल्या कूलर-परीक्षणांतले आकडे अशाच खोल्यांतले असतात.

कूलर उतरवायची वेळ आलीच तर

फक्त पहिली उडी मोठी निघाली तरच. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सॉकेटची पकड तितकी घट्ट नसते. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरसकट उपटून आणते आणि पिना वाकतात. आधी पाच मिनिटे लोड देऊन पेस्ट मऊ करा, यंत्र बंद करून वायर काढा, कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके पिळा, सुटल्याची जाणीव झाली की उचला.

उतरल्यावर पेस्टचा ठसा वाचा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळजवळ पारदर्शक असेल तर दाब तिरका आहे. बुडावरची प्लॅस्टिकची पारदर्शक फीत काढायची राहून गेलेली असते, हेही नेहमीचे. एएम४ ची भोके ९० गुणिले ५४ मिमीवर असतात, जुन्या एएम३ ची ९६ गुणिले ४८ वर. जुन्या स्क्रूच्या पट्ट्या ओढूनताणून बसवल्या की कूलर एका कोपऱ्यावर तरंगतो. पेस्ट मध्यभागी, लहान वाटाण्याएवढी. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आळीपाळीने.

पंखा, आणि पुढच्या चिपा

नमुन्याच्या यंत्राचा निकाल: बसवण ठीक, पाती ठीक, आकड्यात वीसची भर, आवाजाचे कारण पंख्याची वक्ररेषा, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा. बोर्ड टीसीटीएलवर पंखा चालवत असेल तर निवांत ६० ला तो अर्ध्या वेगावर असतो. टीसीटीएलच्या भाषेत साठपर्यंत ३५ टक्के, सत्तरला ५०, ऐंशीला ७५ आणि अठ्ठ्याऐंशीला १०० अशी रेषा पुरते. बायोस वजा केलेला आकडा वापरत असेल तर प्रत्येक पायरीतून वीस कमी करा. कोणता वापरतो ते बायोसमधल्या आकड्याची टीसीटीएलशी तुलना करून ठरवा, माहितीपुस्तिकेवरून नको. वेग वाढवण्यातला विलंब तीन-चार सेकंद ठेवा, नाहीतर एकेका कोअरच्या उसळीला पंखा ओरडेल.

ही भर पुढेही भेटत राहिली. रायझन ५ १६००एक्समध्ये २०, थ्रेडरिपर १९५०एक्स आणि त्याच्या भावंडांत २७, २०१८ च्या २७००एक्समध्ये १०. २०१९ च्या ३००० मालिकेपासून डेस्कटॉप रायझनमध्ये ती नाही. लिनक्सचा के१०टेम्प ड्रायव्हर प्रोसेसरचे नाव पाहून योग्य भर वजा करतो. पण तो शहाणा होण्याआधी अनेकांनी सेन्सर्स या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशन फाइलीत वीस वजा करणारी ‘कम्प्यूट’ ओळ स्वतः लिहिली होती. कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत झाला, ओळ तशीच राहिली, आणि आकडे खोलीच्या तापमानाखाली गेले. हे निदान दिसते तरी. त्याच बोर्डावर १७००एक्स काढून ३७००एक्स बसवला आणि जुनी ओळ फाइलीत उरली तर ८८ अंशांची चिप ६८ दाखवते, आणि हा आकडा इतका साजरा दिसतो की कोणी तपासायला जात नाही. प्रोसेसर बदलताना ती ओळ खोडावी, सॉफ्टवेअरमधली हाताने टाकलेली भर शून्य करावी आणि टीसीटीएलसाठी वर सरकवलेली पंख्याची रेषा वीस अंशांनी खाली आणावी.